तोंडी हुकूम

जनरल सर ह्यूबर्ट रॅक्सल वारले तेव्हा त्यांच्या अभ्यासिकेत बूट-पॉलिश, पाइपची तंबाखू आणि ओल्या कुत्र्याचा वास येत होता. कुत्रा मरून काही वर्षं लोटली होती. पण हेरफर्डशरमधल्या त्या घरात एकदा शिरलेली ओल आणि एकदा शिरलेला वास सहसा बाहेर पडत नसे.

त्यांची मुलगी सिसली मार्चबँक ऑक्टोबरभर तिथे बसून त्यांचे कागद लावत होती. लंडनच्या एका लष्करी संग्रहालयाला ते हवे होते. मोठमोठ्या सेनाधिकाऱ्यांचे खासगी कागद हल्ली सगळीकडूनच गोळा होत होते. युद्धात डायरी ठेवायला सक्त मनाई होती. म्हणजे शिपायांना होती. जनरल मंडळी आपली डायरी बायकोला किंवा मुलीला लिहिलेलं पत्र म्हणून लिहीत, म्हणजे मग ती डायरी ठरत नसे. सर ह्यूबर्ट विधुर होते, त्यामुळे त्यांचं प्रत्येक पान 'प्रिय सिस' असं सुरू होई. त्यातलं एकही पान सिसलीला कधी टपालाने आलं नव्हतं.

तिला या कामाची घाई होती, आणि तिचं कारण गावातल्या चर्चच्या भिंतीत होतं. तिथे युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवलेला होता आणि त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. मेजर डेनिस मार्चबँक तिच्या वडिलांच्याच हाताखाली होता. बेचाळीस साली वाळवंटात त्याने हुकमाशिवाय आपली पलटण मागे घेतली, शेजारची ब्रिगेड उघडी पडली, शेकडो माणसं शत्रूच्या हाती लागली. चौकशी पुरी व्हायच्या आतच डेनिस एका पहाटे तंबूतून उठून सुरुंगांच्या पट्ट्याकडे चालत गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

हे सगळं तिला वडिलांनीच सांगितलं होतं. "मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं, सिस," असं ते म्हणाले होते, आणि तिने दुसरं लग्न न करता उरलेलं आयुष्य त्यांच्या सेवेत घातलं होतं. दर नोव्हेंबरला जनरल त्या दगडाशी लाल कागदी फुलांचं चक्र ठेवत आणि सिसली शेजारी उभी राहून नसलेलं नाव वाचत असे. गाव सभ्य होतं. तिच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि तिच्याशेजारच्या बाकावरही कुणी बसलं नाही.

"एक कागद आणा, मिसेस मार्चबँक," पाद्रीबुवा म्हणाले होते. "त्यांच्या बाजूची एक ओळ पुरे. नाव कोरायला मी स्वतः माणूस बोलावतो."

ती ओळ वडिलांच्या डायऱ्यांत असेल, या आशेवर ती बसली होती. फक्त बेचाळीसची डायरी त्यांत नव्हती. ती तिने वडील गेले त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या चुलीत घातली होती. शेवटच्या आजारात त्यांनी तिचा हात धरून तसं सांगितलं होतं: "हिरवी वही जाळ. वाचू नकोस. डेनिस शेवटी कसा मोडला ते तिच्यात आहे. त्याचीच अब्रू राहील. माझा शब्द." वडिलांचा शब्द म्हटल्यावर ती वही उघडून बघावी असं तिच्या मनातही आलं नाही. त्या घरात शब्दावर शंका घेणं हे खिसे तपासण्याइतकंच हलकं समजलं जाई.

पहिल्यांदा वाळू दिसली ती चव्वेचाळीसच्या डायरीत. सिसलीने पान उलटलं आणि शिवणीतून चिमूटभर पिवळी वाळू टेबलावर सांडली. तिने ती ब्रशने सुपलीत भरली. वाळवंटात गेलेल्या माणसाची वही, वाळू असायचीच. बाहेर सफरचंदांच्या बागेवर पाऊस लागला होता. सुपली केराच्या टोपलीत रिकामी करताना तिच्या लक्षात आलं, की चव्वेचाळीस साली जनरल इटलीत होते, आणि ते वर्षभर चिखलाची तक्रार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पुन्हा वाळू होती. यावेळी वही बंद होती.

टोझर नेहमीसारखा ट्रे घेऊन आला. तो युद्धात जनरलांचा सेवक होता आणि युद्ध संपल्यावरही हललाच नाही. ट्रेवर किटली, दोन कप, लष्करी संदेश लिहायचं जुनं पॅड आणि नुकतं टोक केलेली पेन्सिल. जनरलांचा पहाटेचा चहा असाच जात असे. ते जाऊन आता महिना होत आला, तरी टोझरचा हात ऐकत नव्हता.

"बसा ना टोझर. तुमचा कप गार होईल," सिसली म्हणाली.

"माझा नाही तो, मिस सिसली." तिचं लग्न झालं, नवरा गेला, केस पांढरे झाले, तरी टोझरच्या लेखी ती मिसच होती.

"मग कुणाचा?"

"साहेब दोन ठेवायला सांगायचे. आणि पेन्सिलीला रोज टोक." त्याची नजर टेबलावरच्या वाळूवर गेली आणि तिथून हलेना. "लिहायचे नाहीत कधी. पॅड कोरंच परत यायचं."

"आणि कप?"

"तो रिकामा यायचा," टोझर म्हणाला आणि दार ओढून गेला.

सिसलीला हसू आलं. म्हातारपणी माणसं काय काय करतात! तिने स्वतःचा चहा घेतला, चष्मा चढवला आणि इटलीतली डायरी पुढे वाचू लागली. हवामान, गुडघेदुखी, अमेरिकनांवरची चिडचिड. मग मध्येच, त्याच निळ्या शाईत, त्याच ताठ अक्षरात:

'प्रिय सिस, आज पुन्हा डेनिस. उजाडताना येतो, तंबूच्या दाराशी उभा राहतो. म्हणतो, फोनवर दिलेला हुकूम लिहून द्या, सर. मी म्हटलं, अधिकाऱ्याचा शब्द पुरेसा असतो. तो म्हणाला, मलाही तसंच वाटलं होतं, सर.'

तिने ते पुन्हा वाचलं. मग पुढची पानं चाळली, मग पुढच्या वर्षांच्या वह्या. युद्ध संपलं, पेन्शन झाली, ते या घरी परतले, आणि समासात शिसपेन्सिलीचं बारीक 'डे.' येतच राहिलं. ख्रिसमसच्या दिवशीही होतं. तिच्या वाढदिवसाला ते तिला घेऊन समुद्रावर गेले होते, त्या दिवशीही होतं.

तिने मान वर केली तेव्हा समोरचा कप रिकामा होता. त्यात चहा ओतल्याचं तिला आठवत नव्हतं. तळाशी चहापत्तीच्या जागी वाळू होती.

ती कप हातात घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली. टोझर चांदीचे चमचे पुसत होता.

"बाबांनी डेनिसला फोनवर काय सांगितलं होतं?"

टोझरने चमचे खाली ठेवले. तो खोटं बोलेल असं तिला वाटलं, पण कप बघितल्यावर त्याच्यात तेवढं बळ उरलं नसावं.

"मागे या, असं सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी तंबूतच होतो, दाढीचं पाणी घेऊन. मेजरसाहेबांनी लेखी मागायला हवं होतं. नियमच आहे, तोंडी हुकमामागून लेखी आलंच पाहिजे. पण सासऱ्याकडे आणि जनरलकडे लेखी मागायचं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं. ते 'बरं, सर' म्हणाले. आणि मग सगळं अंगाशी आल्यावर वरून विचारणा झाली, तेव्हा साहेब म्हणाले, असा हुकूम मी दिलाच नाही."

"आणि हिरवी वही?"

"तिच्यात खरं लिहिलं होतं. साहेब डायरीत कधी खोटं लिहायचे नाहीत."

सिसली खुर्चीत बसली. चूल तिच्या पाठीशीच होती आणि अजून ऊब देत होती. बापाने तिचा नवरा खाल्ला होता, आणि वर त्याचा पुरावा तिच्याच हातून जाळून घेतला होता. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि शेत इतकी वर्षं कुंपणाला पाणी घालत बसलं होतं.

"मला तुम्ही रोज चहा देत होतात, टोझर."

"साहेब म्हणाले होते, कळलं तर ती मरेल."

"मेले असते तर बरं झालं असतं. निदान आम्ही दोघं एकत्र असतो." ती उठली. "गुरुवारी संग्रहालयाचा माणूस येतोय. त्याच्यासमोर हे सांगायचं. सांगाल ना?"

टोझरने मान हलवली. होकारच होता तो.

संग्रहालयाचे मिस्टर ऑटरी हे लष्करातूनच आलेले, नम्र, गुळगुळीत दाढीचे गृहस्थ होते. त्यांनी बिस्किट घेतलं, बागेचं कौतुक केलं, वह्यांवरून बोट फिरवलं.

"बेचाळीसची दिसत नाही."

"जाळली. मी."

"वाचून?"

"न वाचता. वडिलांनी शब्द दिला होता."

"हं. साहजिक आहे," ऑटरी म्हणाले. त्यांना ते खरोखरच साहजिक वाटलं होतं.

तिने इटलीतलं पान त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, मग चष्मा काढून रुमालाने पुसला. त्यावर वाळूचे कण आले होते, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"मिसेस मार्चबँक, तुमच्या जागी मी असतो तर हे पान वगळलं असतं. थकलेल्या माणसाला मेलेली माणसं दिसतात, मी स्वतः पाहिलंय. याने तुमच्या यजमानांचं काही सुधारणार नाही, वडिलांचं मात्र बिघडेल. भुताची साक्ष कोण धरतो?"

"भुताची नको. जिवंत माणसाची घ्या." तिने दाराकडे पाहिलं. "टोझर, सांगा."

टोझर दाराशी ट्रे घेऊन सावधान उभा होता. भिंतीवर, ऑटरींच्या डोक्यामागे, जनरलांचं तैलचित्र होतं. टोझर त्याच्याकडे बघत होता.

"मला काही आठवत नाही, सर," तो म्हणाला.

ऑटरींनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. सिसलीला आरडाओरडा करावा असं फार वाटलं, पण त्या घरात तो कुणाला शिकवलेलाच नव्हता.

"अजून एक बिस्किट घ्या," ती म्हणाली.

ऑटरींची मोटार वह्या घेऊन गेल्यावर टोझरने स्वयंपाकघरात टोपी हातात धरून सांगितलं, "मी साहेबांना शब्द दिलाय, मिस सिसली. मेलेल्याला दिलेला शब्द परत घेता येत नाही."

"दुसराही एक मेलाय, टोझर."

त्याने मान खाली घातली.

"बहिणीकडे जा," ती म्हणाली. "आजच जा. माझ्यासाठी चहा करायचा नाही आता."

चारच्या बसने तो गेला. सिसली एकटी अभ्यासिकेत आली. बागेकडचं दार उघडं होतं. ते तिने उघडलं नव्हतं. बाहेर दगडी पायरी पावसाने चिंब भिजत होती. फक्त दोन बुटांच्या तळव्यांएवढी जागा कोरडी होती. टाचा बागेकडे होत्या.

तिने दार लावलं नाही.

ती वडिलांच्या खुर्चीत बसली, संदेशांचं पॅड पुढे ओढलं आणि पेन्सिल उचलली.

'मेजर मार्चबँक यांनी पलटण मागे घ्यावी. हुकूम माझा.'

खाली सही हवी होती. वडिलांची सही तिला डोळे मिटून करता आली असती. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून सगळ्या सह्या तीच करत होती. पण इतकं खोटं झाल्यावर आणखी एक कशाला?

तिने स्वतःचं नाव लिहिलं. सिसली मार्चबँक. इतक्या जोरात लिहिलं की शेवटच्या अक्षरावर पेन्सिलीचं टोक मोडलं.

"एवढंच आहे माझ्याकडे, डेनिस," ती मोठ्याने म्हणाली. "खरा कागद मीच जाळला. मला माहीत नव्हतं रे."

उघड्या दारातून पावसाचा आवाज येत राहिला. पेन्सिल तिथेच टाकून ती वर गेली.

सकाळी तिने स्वतः चहा केला. एकच कप. ट्रे घेऊन ती अभ्यासिकेत आली.

तिने लिहिलेला कागद पॅडवरून फाडून काढलेला होता. चुरगळलेला नव्हता. नीट पालथा घालून बाजूला ठेवला होता, वरिष्ठाकडे चुकीच्या सहीचा कागद आला की तो ठेवतो तसा.

पॅडवर नवं पान कोरं होतं.

त्यावर पेन्सिल आडवी ठेवलेली होती. तिला नुकतंच टोक केलेलं होतं. शेजारी लाकडाची एकच लांब साल गुंडाळून पडली होती, आणि थोडी वाळू.

सिसलीने ट्रे टेबलावर ठेवला. मग दुसरा कप आणायला ती स्वयंपाकघरात गेली.