जाणाऱ्याला थांब म्हणू नये

त्या संध्याकाळी मी शेवंतीकाकीला पिठलं-भात द्यायला निघाले होते, एवढंच. सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारीच जेवण पोचवतात. वाकोल्याच्या आमच्या चाळीत त्या दिवशी पहिली पाळी माझी होती.

काशीरामकाकांनी गिरणीतून छातीचा रोग तेवढा कमावून आणला. डॉक्टरांनी हात टेकले तरी त्यांचा जीव जाईना. जाणार कसा? मुलगा रतन मस्कतला बांधकामावर, आणि काकी दिवसरात्र नवऱ्याच्या कानाशी, "थांबा हं. रतन येऊ दे, मग जा." आमच्या कोकणात जाणाऱ्याच्या कानात असलं काही घालत नाहीत. जीव अडकतो. मी तोंडावर सांगितलं, तर म्हणाली, "तुझं काय जातं गं?" म्हाताऱ्याचे हाल मला बघवत नव्हते.

मग तार आली. परांचीवरून पडून रतन तिकडेच गेला. काकांना कुणी काही सांगितलं नाही, तरी दुसऱ्या पहाटे त्यांनी प्राण सोडला. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

पुरुषमंडळी स्मशानातून येऊन आपापल्या घरी गेली होती, गावाकडचे अजून पोचायचे होते. काकीचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार, विझलेल्या वातीचा वास, आणि काकी रिकाम्या खाटेच्या उशाशी. दिवा लावावा म्हणून मी काडेपेटी चाचपली, तेव्हा ऐकू आलं. खाटेवर कुणीतरी श्वास घेत होतं. हळू, ओढून ओढून...

मी काडेपेटी तशीच सोडली.

"काकी... काकांना जा म्हण गं. आता कुणाची वाट बघायची?"

"ते पहाटेच गेले, नलू," ती कुजबुजली. "रतन न्यायला आला त्यांना. तेव्हा म्हटलं मी, जा."

"मग हे...?"

"रतनला म्हटलं, तू थांब."

श्वास अडखळला. मग खाटेवरून अगदी दमलेला, कोवळा आवाज आला.

"आई... जाऊ दे ना."

मला रडू फुटलं. काकीला नाही. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि खाटेवरून हलकेच हात फिरवला.

"जाशील रे. एवढी कसली घाई? आधी जेवून घे."