रिकामे चौकोनी कंस

"तुमच्या वेबसाइटवर एकतीस फोटो हायत, आणि माझा फोन मला एकतीस वेळा नुसतं 'चित्र' म्हणतो. गणपती कसा हाय, ते सांगतच नाय कुणी!"

किमया दचकली. पेणमधल्या एका कारखान्यात ती मूर्तींचे डोळे रंगवायची. बाबा गेल्यापासून घरी एकटीच. संध्याकाळी कुणाचा तरी आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवायची, आणि कारखान्याची वेबसाइट सांभाळायची.

फोनवर होता रोह्याचा प्रणित. तीन वर्षांपूर्वी अपघातात त्याची दृष्टी गेली होती. आता फोनच त्याला पानं वाचून दाखवायचा.

"वेबसाइटचा मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा वापरून लिहिता ना? फोटो टाकताना उद्गारचिन्हापुढचा चौकोनी कंस रिकामा सोडता तुम्ही. त्यात वर्णन लिहायचं. आणि प्रत्येक लिंकवर 'इथे क्लिक करा' काय... कुठे नेताय ते तरी सांगा!"

तिला हसू फुटलं — किती दिवसांनी!

तिनं पहिल्या कंसात लिहिलं, 'बसलेला गणपती'. लगेच त्याचा फोन.

"एवढंच? डोळे कसे हायत?"

हजारो डोळे रंगवले होते. शब्दांत कधी पकडले नव्हते. तिनं पुन्हा लिहिलं, 'डोळे अर्धे मिटलेले... कुणाचं तरी बोलणं मन लावून ऐकतोय असे.'

पलीकडे त्याच्या फोननं ते वाक्य वाचून दाखवलं.

"दिसला," तो हळूच म्हणाला.

मग रोज एक फोटो, आणि रोज संध्याकाळी सहाला तिचा त्याला एक फोन. फोटो संपत आले तशी तिला धास्ती वाटू लागली. एकतिसावा तिचा स्वतःचा होता. तो कंस तिनं तसाच सोडला.

"शेवटचा रिकामा का?"

"तो... माझा हाय. मला कुणी बघतच नाय, प्रणित. काय लिहू?"

"मला तर दिसतच नाय. तरी सहा वाजले की..."

"की काय?"

"रेडिओ बंद करून तुमच्या फोनची वाट बघतो."

रविवारी त्याला कळवून ती रोह्याच्या गाडीत बसली. फलाटावर काठी टेकून तो उभा होता. तिची पावलं त्याच्या समोर येऊन थांबली.

"किमया? बोलत का नाय?"

"रडतेय," ती म्हणाली. "घरी एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय मला... तुमच्यासोबत जेवायचंय. रोज."

त्यानं चाचपडत तिचा हात धरला.

"आईनं तीन ताटं मांडलीत," तो म्हणाला. "चल."