दहा सेकंदांत बारा ठोके

भावजी जिना चढून आले तेव्हा वहिनी पेन्सिलीला टोक काढत बसल्या होत्या. खालच्या लॉण्ड्रीतली इस्त्रीची वाफ वर येई आणि त्या खोलीला बारा महिने नव्या शर्टाचा वास असे. दारावर ‘खाजगी तपास’ एवढीच पाटी. वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. लागलेली आग कोणती आणि लावलेली कोणती, हे त्यांना राखेवरून कळे. त्यांचे हे धाकटे दीर औषधांच्या दुकानात काम करत आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींची टिपणं लिहून देत.

“वहिनी, आज मी मदतनीस नाही, गिऱ्हाईक आहे.”

“मग स्टूल सोडा, खुर्चीवर बसा. काय हरवलं?”

“चाल हरवली,” भावजी म्हणाले आणि रडवेले झाले.

हकीकत अशी. चार गावांतल्या चार हौशी माणसांचा एक वाद्यमेळ होता. प्रत्यक्षात ते एकमेकांना कधी भेटले नव्हते, ओळख पडद्यावरची. जुन्या नाचांच्या जलद चाली शोधायच्या आणि वाजवायच्या, हा चौघांचा नाद. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ व्हायोलिन वाजवत. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. इस्पितळातल्या एका सिस्टरची बासरी, एका बसड्रायव्हरचा डफ, आणि भावजींची पेटी.

इंटरनेटवरून एकत्र वाजवावं तर आवाज मागेपुढे पोचतो आणि जलद चालीचा चिखल होतो. म्हणून भावजी ठरलेल्या गतीची टकटक सगळ्यांना पाठवत. ती कानात लावून ज्याने त्याने आपापल्या घरी वाजवायचं, रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवरच्या सामाईक कपाटात ठेवायचं. कपाटाचा पासवर्ड एकच, चौघांना ठाऊक. मग भावजी तिथल्या तिथे चारही वाद्यं जुळवून एक चाल करत; स्वतःकडे वेगळी प्रत ठेवत नसत.

या चालीची गती होती मिनिटाला एकशेवीस ठोके. शनिवारी संध्याकाळी ती एका नृत्यशिक्षिकेला पाठवायची होती. रविवारी तिच्या मुली रंगमंचावर त्या चालीवर नाचणार होत्या आणि वाजवणाऱ्यांची नावं जाहीर होणार होती. गुरुवारी दुपारी एकला भावजींनी पूर्ण चाल कपाटात ठेवली. चारला उघडून बघतात तर पूर्ण चाल नाही, आणि काकांचं व्हायोलिनही नाही. बासरी, डफ, पेटी जागच्या जागी. पुसल्याची वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

“कोणी केलं ते मला ठाऊक आहे. ड्रायव्हरनं,” भावजी म्हणाले. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत तो बोलला होता, की काका शंभराच्या पुढे जात नाहीत, त्यांच्या हातात नाचाची चाल अंगाई होते. काका त्यावर हसले होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. “काल संध्याकाळी मी त्याला मेळातून काढून टाकलं.”

“त्याला विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय?”

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. “चोर ठाऊक आहे, शिक्षाही देऊन झाली. मग माझ्याकडे कशाला आलात?”

भावजींनी तीच पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाले, “तो भांडलाच नाही, वहिनी. ‘बरं, पेटीवाले’ एवढंच म्हणाला. आज सकाळी दुकानात माझ्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल होता होता राहिली.”

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. चाल जुळवताना काकांच्या व्हायोलिनला त्यांनी थोडा हात लावला होता. प्रेमानं लावला होता. प्रेमानं केलेल्या गोष्टीचा चोरीशी काय संबंध, असं त्यांनी मनाला समजावलं. मन समजलं नाही, पण गप्प बसलं.

वहिनींनी तिघांनाही पडद्यावर बोलवायला सांगितलं. ड्रायव्हरला काढल्याचं काकांना अजून कोणी कळवलं नव्हतं; वहिनी म्हणाल्या, तूर्त कळवूही नका.

आधी सिस्टर आली, परिचारिकांच्या खोलीतून, केसांत पिन खोचत. गुरुवारी एक वाजता तिनं चाल ऐकली आणि काकांना लिहिलं, ‘काका, बोटांना पंख फुटले का?’ दोनपासून आठपर्यंत ती वॉर्डात होती. तेव्हा फोन लॉकरमध्ये कुलूपबंद असतो, हे मेट्रनही सांगेल. पण चाल तिनं फोनमध्ये उतरवून घेतली होती. ती तिनं लगेच पाठवली.

भावजी उठलेच. “म्हणजे चाल आहे! आत्ता पाठवून देतो शिक्षिकेला.”

“बसा,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगेपर्यंत ही कुठेही जाणार नाही.”

वहिनींना सुरातलं ओ की ठो कळत नसे. तरी त्यांनी चाल लावली. सुरुवातीला एकटं व्हायोलिन एक लांब सूर धरून होतं, मग बाकीचे तुटून पडले. वहिनींनी तो सूर पुन्हा लावला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवले आणि कागदावर लिहिलं: दहा, बारा.

“ही मागे टिकटिक कसली?”

“काकांच्या खोलीतलं उंच घड्याळ. वाजवताना बाकीची सगळी बंद करतात, ते एक नाही. काकूंचं होतं. दर सेकंदाला एक ठोका, चुकायचं नाव नाही.”

मग ड्रायव्हर आला. डेपोतल्या बाकावर बसलेला, शर्टाचं वरचं बटण उघडं. भावजींनी नजर टेबलावरच्या पेन्सिलीवर ठेवली. वहिनींनी विचारलं, गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी कुठे होता.

“गाडीवर. पावणेदोन ते पाच. फोन डेपोत जमा करावा लागतो, वहीत सही आहे माझी.” मग तो जरा पुढे झुकला. “मी म्हणालो होतो काकांना शंभरापुढे जमत नाही. आणि चाल ऐकतो तर बुवा एकशेवीसला वाजवलेलं! जेवणाच्या सुट्टीत तीनदा ऐकली. तिथेच काकांना लिहिलं, काका, मी चुकलो, माफ करा.”

सहीची वही, जमा केलेला फोन. एक प्रश्न विचारला असता तर सगळं कळलं असतं.

“पेटीवाले,” ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, “मला काढलंत ते काढलंत. पण माझा डफ ठेवा त्यात. चांगला लागलाय.”

शेवटी काका आले. दुकानामागची खोली, मागे भिंतीशी ते उंच घड्याळ. त्याचं काचेचं दार उघडं होतं आणि आतला लंबक शांतपणे येत-जात होता. आवाज नीट येत नाही असं सांगून वहिनींनी त्यांना क्षणभर गप्प बसायला लावलं. पुन्हा मनगटाकडे पाहिलं, पुन्हा कागदावर लिहिलं: दहा, दहा.

टकटक कानात लावून वाजवलंत का, असं त्यांनी विचारलं.

“छे. हाच म्हणाला, काका, तुम्ही कानात काही लावू नका, मोकळं वाजवा, मी जुळवतो.”

“पूर्ण चाल ऐकलीत?”

“दोनदा ऐकली. पहिल्यांदा...” काका थांबले. चष्मा पुसू लागले.

“आणि गुरुवारी दुपारी?”

“हे घड्याळ उघडून बसलो होतो. सगळं तपासलं. त्यात काही दोष नाही.”

“चाल कोणी पुसली असेल, काका?”

“ज्यानं पुसली त्याला चैन पडत नसेल, बाई,” काका म्हणाले.

पडदा बंद झाल्यावर वहिनी म्हणाल्या, उद्या सकाळी चौघांना एकत्र बोलवा. मग टेबल आवरता आवरता त्यांनी हळूच विचारलं, “भावजी, त्याआधी तुम्हाला मला काही सांगायचंय का?”

भावजी नाही म्हणाले. जिना उतरताना कठडा घट्ट धरूनच उतरले.

शनिवारी सकाळी पडद्यावर तीन चौकोन होते. ड्रायव्हर यायला तयार नव्हता, वहिनींनी स्वतः फोन करून त्याला बोलावलं. त्या भावजींच्या शेजारी बसल्या, कागद पुढे घेऊन.

“मला सुरातलं कळत नाही, मोजता येतं,” त्या म्हणाल्या. “मेळावर राग असलेला माणूस सगळंच पुसेल. इथे फक्त पूर्ण चाल आणि व्हायोलिन गेलं. म्हणजे कोणाला तरी हे व्हायोलिन लोकांनी ऐकायला नको होतं. असा माणूस काकांचा वैरी असेल, किंवा खुद्द काका असतील. ड्रायव्हर गाडीवर होते. सिस्टर वॉर्डात होत्या. भावजींनी चाल स्वतः घडवली आणि ती परत मिळवायला माझ्याकडे आले.”

काकांनी मान खाली घातली.

“पण काकांनी का पुसावी? या खोलीतलं घड्याळ दहा सेकंदांत दहा ठोके देतं. काल मी मोजले. चालीच्या आरंभी तेच घड्याळ दहा सेकंदांत बारा ठोके देतं. या वेगानं ते पाच तासांत एक तास पुढे गेलं असतं. घड्याळजीच्या घरात असं होत नाही. म्हणजे घड्याळ पळालं नाही, पळवलं गेलं. आणि त्याच्यासमोर वाजणारं व्हायोलिनही. दहाचे बारा, शंभराचे एकशेवीस. माप एकच आहे. काकांना टकटक का दिली नाही? दिली असती तर बोटं मागे पडतात हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. आता चाल जुळवली कोणी, हे मी सांगू की तुम्ही सांगता?”

भावजींनी वर पाहिलं नाही. “मी. यंत्रानं वेग वाढवला. सूर तोच ठेवला, म्हणजे कोणाला कळू नये. काका, त्या दिवशी तुमचे कान लाल झालेले मी पाहिले होते.”

काका हळू बोलू लागले.

“पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, मीच वाजवलंय. खरंच वाटलं रे. तिच्या फोटोला जाऊन सांगितलंसुद्धा. दुसऱ्यांदा ऐकताना मागे ती टिकटिक. उभा जन्म टिकटिक ऐकण्यात गेला माझा. तरी घड्याळ उघडलं. देवा, हे बिघडलेलं असू दे, असं म्हणत उघडलं. ते बरोबर होतं. मग ड्रायव्हरचा संदेश पुन्हा वाचला. खरं बोलल्याबद्दल पोरगा माझी माफी मागत होता. माझ्या नावानं तसली चाल रंगमंचावर कशी जाऊ देऊ? आणि तुला तोंडावर विचारलं असतं तर तू मेल्याहून मेला असतास. म्हणून पुसली.”

मग काकांनी विचारलं, “ड्रायव्हर आज गप्प का?”

“चाल चोरली म्हणून त्यांना परवा मेळातून काढलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

काका उठले आणि चौकोनाबाहेर गेले. पडद्यावर नुसतं घड्याळ राहिलं. परत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढलेला होता. “माझी लाज झाकायला गेलो आणि आळ तुझ्यावर आला,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं, पण आला तो माझ्यामुळेच.”

“तुमच्यामुळे नाही,” भावजी म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं. “मी विचारलं नाही तुला. माझा स्वतःचाच हात बरबटलेला होता, म्हणून दुसऱ्याचा लगेच दिसला. मला माफ कर.”

ड्रायव्हरनं बटणाशी चाळा केला. “माफीचं पुढे बघू. मला दोन दिवस घास गेला नाही, पेटीवाले, ते असं एका शब्दात जात नाही.” मग काकांकडे वळून म्हणाला, “सुरुवातीचा तो लांब सूर आहे ना, तो पळत वाजवायचा नसतोच. माझ्याच्यानं तसा कधी धरवणार नाही. तो तुमचा. पुढची धावपळ बासरी करेल.”

सिस्टर म्हणाली, दुपारी दोनला ड्यूटी आहे, त्याआधी वाजवून पाठवते. काकांनी मान डोलावली. शिक्षिकेला खरं काय ते कळवायचं, आणि नावांच्या यादीत व्हायोलिनपुढे ‘फक्त आरंभ’ असं लिहायचं, एवढी त्यांची अट होती.

दुपारी चारला काकांचा सूर आला. भावजींनी तो उघडला. वहिनींनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

सूर शेवटाकडे किंचित थरथरला. यंत्रात तो थरथराट पुसायची सोय होती, एका बटणाची. भावजींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि सुरामागची टिकटिक मोजू लागले.

दहा सेकंद. दहा ठोके.