सुपातून पडलेली म्हातारी

"मॅडम, विमान पडलंय माझ्या अंगणात! चेटकिणीचं! लवकर या, लोक जाळतील तिला!"

इन्स्पेक्टर तावोंगा म्हांगोने फोन कानापासून लांब धरला आणि हातातलं उकडलेलं रताळं बशीत ठेवलं. मुखिया चिम्वाला घसा फोडून ओरडत होता.

"विमान म्हणजे सूप ना?" तिने विचारलं.

"सूपच! दुसरं काय असणार?"

म्हांगो उत्तरेकडची. इकडे दक्षिणेत बदली झाल्यापासून हे तिने पाद्र्यांकडून ऐकलं होतं, बाजारातल्या बायकांकडून ऐकलं होतं आणि स्वतःच्या हवालदारांकडूनही ऐकलं होतं. चेटकिणी म्हणे सुपात बसून उडतात आणि मंत्राने राखलेल्या घरावर आदळून पडतात. कुणाला चेटकीण म्हणणं हाच गुन्हा आहे, असं ती दर वेळी बजावायची. लोक नंदीबैलासारखी मान डोलवायचे आणि पुन्हा तेच बोलायचे. तिला या सगळ्यांचा मनापासून तिटकारा आला होता.

ती पोचली तेव्हा अख्खा गाव अंगणाच्या कडेने उभा होता. मधोमध फालेसी पडली होती. शाळेत मुलांची पेज रांधणारी ही म्हातारी विधवा. डोक्याची मागची बाजू फुटलेली, श्वास चालू, शुद्ध नाही. शेजारी सूप. एकानेही तिला हात लावला नव्हता.

म्हांगोने हवालदाराच्या मदतीने म्हातारीला ओटीवर घेतलं आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सला बोलावलं. नर्सने सलाईन लावलं. बाटली संपली की झोम्बा शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, तोवर हलवू नका, असं तिने सांगितलं. पायाशी नात लिनेसी मुसमुसत बसली होती.

"कुणी पाहिलं पडताना?" म्हांगोने विचारलं.

पाद्री माटेव्हु पुढे आला. "आम्ही सगळ्यांनी, मॅडम. नागडी होती. सांगायला जीभ रेटत नाही."

म्हांगोने म्हातारीकडे पाहिलं. अंगात पोलकं, कमरेला घट्ट गाठीचं लुगडं. दवाने भिजलेलं, रक्त सुकून कडक झालेलं.

"मग हे तिला कुणी नेसवलं? तुम्ही?"

"छे छे! आम्ही हात कशाला लावू?"

"मग?"

"खाली पडलं की कपडे आपोआप अंगावर येतात," माटेव्हु म्हणाला. चारचौघांनी माना हलवल्या.

"आणि मुखिया, तुम्ही काय ऐकलंत?"

"छपरावर धाडकन आवाज."

"छप्पर गवताचं आहे तुमचं. गवतावर धाडकन वाजतं?"

"चेटकिणीचं वाजतं," चिम्वाला गंभीरपणे म्हणाला. "आणि मॅडम, सुपाकडे बघू नका. पिवळं औषध आहे त्यात. डोळे जातील."

म्हांगो हसली. "सुपात पीठ असतं, मुखिया. तुमची बायको काय औषध पाखडते?"

"अगदी बरोबर," मागून कुणीतरी म्हणालं. "मक्याचं पांढरं पीठ दवाने भिजलं की असंच पिवळट दिसतं. पण यांना कोण सांगणार?"

ते शाळेचे मास्तर होते, ग्रेशियन न्कोलोकोसा. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज. शाळेच्याच खोलीत एकटे राहायचे. त्यांनी म्हांगोसाठी सावलीत खुर्ची मांडली.

"मी ओरडा ऐकून आलो, सगळ्यांच्या शेवटी. बिचारी घसरली असेल, उखळावर डोकं आपटलं असेल. मॅडम, बरी झाली तरी तिला इथे आणू नका. हे लोक घरासकट जाळतील. दूर कुठे मिशनच्या वृद्धाश्रमात ठेवा. हवं तर गाडीत मी बसतो तिच्याजवळ, म्हणजे तुमचा माणूस इथे बंदोबस्ताला राहील."

एक तरी डोकं ठिकाणावर असलेला माणूस भेटला, असं वाटून म्हांगोला हायसं वाटलं. "बसा तुम्ही," ती म्हणाली.

लिनेसी उठली. "मॅडम, आजी काल बाजारातून आली तेव्हा..."

"गळ्यात काय आहे तुझ्या?"

"ताईत."

"मग तुझं नंतर ऐकते."

हाताला लागलेलं रक्त धुवायला ती समोरच्या शाळेच्या नळावर गेली. मधली सुट्टी होती. मुलं पेले तोंडाला लावून दुसऱ्या बाईने रांधलेली पेज पीत होती. पातळ, चुन्याच्या पाण्यासारखी पांढरी पेज.

म्हांगोचा हात नळाखालीच राहिला. शाळेची पेज तिनेही लहानपणी प्यायली होती. मक्यात सोयाबीन भाजून घातलेलं पीठ गोणीतून यायचं. ती पेज पिवळी असायची.

ती तरातरा अंगणात आली, सुपापाशी उकिडवी बसली आणि तिने पिठात बोट बुडवलं. पीठ पिवळं होतं. भाजक्या सोयाबीनचा वास येत होता. गाव सकाळपासून कोकलत होतं की सुपात पिवळं काहीतरी आहे. तिने मात्र पाच हातांवरून नजर टाकून ते पांढरं ठरवलं होतं.

"विमान पडलं, असं तुम्हाला कोण म्हणालं?" तिने चिम्वालाला विचारलं.

"माटेव्हु."

"आणि माटेव्हु, तुम्हाला?"

पाद्री चुळबुळला. "मी इथून पाणी आणायला चाललो होतो. मास्तर इथेच उभे होते. म्हणाले, सूप पडलंय बाजूला, हात लावू नका, माणसं गोळा करा. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस बोलतोय तर खरंच असणार."

"त्यांच्या आधी इथे कोण होतं?"

"कुणीच नाही."

 मास्तरांनी गाडीच्या फळीवर पाय ठेवला होता, तो तिथेच राहिला.

"लिनेसी," म्हांगो म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "आजी काय म्हणाली होती?"

"की शाळेचं पीठ बाजारात विकायला ठेवलंय. ओंजळभर घेऊन आली. म्हणाली, उजाडताच मुखियाला सुपात घालून दाखवते."

"आणखी कुणाला बोलली होती?"

"मास्तरांना. म्हणाली, कोठीची किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांनाच आधी विचारते."

म्हांगो मास्तरांकडे वळली. "तुम्ही शेवटी आलात म्हणालात, होतात सगळ्यांच्या आधी. उखळ अंगणाच्या त्या टोकाला आहे, म्हातारी इथे पडली होती, आणि घाव मागून बसलाय. पोरांच्या तोंडचं पीठ तुम्ही विकलंत. ती पुरावा घेऊन निघाली, तुम्ही पाठलाग करून तिला पाडलंत. तेवढ्यात पाद्री आले. पीठ उचलायला वेळ नव्हता. मग तुम्ही एकच वाक्य बोललात. बाकी सगळं यांनी स्वतःच पाहिलं. आणि मला पांढरं पीठ दाखवलंत, कारण मला तेच बघायचं होतं. वाटेत गाडीत तुम्ही तिच्या नाकावर हात दाबला असतात, आणि मी तुम्हाला माझ्या हाताने त्या गाडीत चढवत होते."

मास्तर हसले. मऊपणा पार गेला होता. "या गाढवांना काहीही सांगा, मॅडम, पटतं. यात माझा काय दोष? चौकीत तुम्हीही हेच म्हणता."

ती हेच म्हणायची. रोज म्हणायची.  तिने हवालदाराला खूण केली आणि त्याने बेड्या काढल्या.

गर्दीत कुजबुज उठली. ती बघता बघता मोठी झाली आणि माटेव्हुच्या तोंडून बाहेर पडली. "म्हणजे सूप मास्तर चालवत होता! म्हातारीला त्यानेच उडवून आणलं! तरी म्हटलं, एकटा का राहतो!"

"मी तर त्याला नागडा पाहिला होता," चिम्वालाने शपथेवर सांगितलं.

म्हांगो पुन्हा कायदा बजावायला पुढे झाली. तिने तोंड उघडलं. लिनेसीने तिचा हात धरला.

"नका सांगू त्यांना काही. मास्तर उडत होता असं म्हणू दे. नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा आजीच चेटकीण होईल. मला तिला याच घरी परत आणायचंय."

बाटली संपली होती. नर्सने सुई काढली. म्हांगोने कायदा सांगितला नाही, काहीच सांगितलं नाही. तिला गावाची शिसारी आली आणि स्वतःची त्याहून जास्त आली. म्हातारीला तिने गाडीत आडवं केलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं.