तलवारीचा वार आणि वर एक लाथ

मावसभावाकडून घराची किल्ली घ्यायला मी खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिरले, आणि दोन तासांनी बाहेर पडले ती एका राक्षसाला लाथ मारून. किल्ली तिथेच विसरले!

झालं असं, की मावसभाऊ आणि त्याचे मित्र तिथे फासे टाकून गोष्टीतल्या लढाया खेळत होते आणि टेबलावर एक खेळाडू कमी होता. खेळ चालवणारा, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीने लढणारा आणि नियम बघणारा, असा सगळा एकच माणूस. त्याने वर न बघताच माझ्यापुढे कागद सरकवला.

"बसा. तुम्ही तलवारबाज. समोर राक्षस आहे. काय करता?"

"तलवार मारते," मी म्हणाले, "आणि... वर एक लाथ!"

त्याने मान वर केली. तपकिरी डोळे, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी. जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"चालेल," तो म्हणाला.

वीस बाजूंचा फासा मी दोनदा टाकला, एकदा तलवारीसाठी, एकदा लाथेसाठी. राक्षस आडवा.

मग मी दर शनिवारी दुपारी जायला लागले. आठवडाभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करणाऱ्या मुलीला शनिवारी कुणाला तरी लाथ घालायला मिळते, हे सुख काय सांगू! आणि तो... तो औषधांच्या दुकानात बसायचा. चिठ्ठीशिवाय सख्ख्या आत्यालाही गोळी देणार नाही, असा लौकिक. नियमाला इतका पक्का, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे.

"आज कुणाचे दात पाडणार?" त्याने एकदा विचारलं.

"मी पाडत नाही, बसवते. तुमचे हलायला लागले की सांगा."

"दात ठीक आहेत. बाकी सगळंच हलतंय," फासे गोळा करत तो पुटपुटला.

हे मला म्हणाला, की टेबलाच्या डगमगत्या पायाला? तीन दिवस विचार केला. काही कळलं नाही.

सहाव्या शनिवारी माशी शिंकली. मावसभाऊ म्हणाला, "मी भाला मारतो, आणि वर एक लाथ."

"नाही चालणार," वकील म्हणाला. "जादा वार दुसऱ्या हातातल्या शस्त्राचाच. लाथ म्हणजे शस्त्र नव्हे. मारायचीच तर भाल्याऐवजी मार."

"मग ताईची सहा आठवडे कशी चालते?"

वकिलाचे कान लालभडक. मी नियमांचं पुस्तक ओढून घेतलं. स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे मी जिंकत नव्हते... लहान मुलांना शर्यतीत मुद्दाम पुढे जाऊ देतात, तसं मला जिंकवलं जात होतं! मी उठले आणि तडक घरी आले.

सोमवारी मात्र पाय आपोआप त्याच्या दुकानाकडे वळले.

"दया आली होती का माझी?"

"नाही हो! पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं, चालतं. घरी जाऊन पुस्तक बघितलं, तर चूक."

"मग सांगायचं होतं!"

"दर शनिवारी सांगणारच होतो. पण तुम्ही लाथ म्हणताना खुर्चीवरून अर्ध्या उठता... आणि मग माझं..."

तेवढ्यात एक काकू खोकल्याचं औषध मागायला आल्या. त्याने आधी मलम काढलं, मग जीभ चावून बाटली. मला राग येत होता आणि हसूही. धड भांडता येईना, धड निघता येईना.

काकू गेल्यावर मी म्हणाले, "या शनिवारी सवलत दिलीत, तर पुन्हा यायची नाही मी. कारण मग मला कधीच कळणार नाही, मी तुम्हाला आवडते की माझी कीव येते!"

बोलून गेले... आणि चक्क पळाले.

शनिवारी गोष्टीतल्या पुलावर भलामोठा विंचू होता. माझी तलवारबाज आधीच जखमी, आणखी एक फटका बसला की संपली.

"तलवार," मी म्हणाले. लाथ गिळली. फासा पडला चारवर. वार हुकला.

आता विंचवाची पाळी. एरवी तो आम्हाला दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या आड फासा टाकायचा. त्या दिवशी त्याने पुठ्ठा बाजूला केला आणि सगळ्यांसमोर टाकला. एकोणीस.

"अरे, मरेल ना ती!" मावसभाऊ ओरडला.

त्याने माझ्याकडे बघितलं. "नांगी लागली. ती... मेली."

मला रडूच कोसळलं. इतक्या शनिवारांची माझी मैत्रीण होती ती! आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की आपण रडतोय का हसतोय तेच समजेना. त्याने मला मारलं होतं. कीव करणारा माणूस असं करत नाही.

"आता मी खेळात नाही," मी डोळे पुसले. "आता बोल."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मारलंस तेव्हा होतेच की सगळे."

तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "मला तू आवडतेस. खूप. पहिल्या दिवसापासून."

"मलाही... तू."

पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. मी हात पुढे केला, त्याने तो घट्ट धरला, आणि मावसभाऊ कळवळून म्हणाला, "अरे, पण विंचू अजून जिवंत आहे!"