अडेल चाप

ऑक्टोबर २०१७. इथे ऑक्टोबरातच येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला आम्ही उत्तरेकडच्या तळ्यांवर निघालो ते एकाच कारणासाठी: चारुदत्तला नव्या पॉइंट टू-टू बंदुकीने ससा मारायचा होता. लायसन्स दोघांकडेही होतं. डोकं मात्र फक्त माझ्याकडे आहे, अशी माझी समजूत होती.

चारुदत्त म्हणजे माझा नवरा. आमच्या कनाटा गावात तो सॉफ्टवेअर लिहितो, मी हार्डवेअर टेस्ट करते. शनिवारी कनू, म्हणजे निमुळती होडी, वल्हवत तळ्यापलीकडे जाऊन तंबू ठोकला. रविवारी सकाळी बघते तर अस्वलाने जेवणाची पिशवी फाडून साफ केलेली! उंच टांगायची ती चारुदत्तने कमरेएवढ्या फांदीला अडकवली होती. त्यात वारा असा सुटला की कनू पाण्यात घातली असती तर उलटलीच असती. गाडी पलीकडच्या काठावर, आणि आमच्याकडे उरली चहापूड.

"रिलॅक्स, देवयानी. बंदूक आहे ना," चारू म्हणाला.

होती तर! गवतावर दव गोठलेलं, पंधरा पावलांवर ससा. चारूने नेम धरला. चाप ओढला. काही नाही. चाप मागे गेला तो मागेच राहिला, आणि ससा आरामात निघून गेला.

"तरी सांगत होते, सेलमधली घेऊ नकोस."

"नेमबाजीच्या रेंजवर नीट वर्क करत होती गं."

"मग रेंजवरच जेवायला जा."

दुपारी उन्हात, गोळी न भरता, त्याने दहादा चाप ओढला. दहाही वेळा खट्. मी त्याला चिक्कू म्हटलं, बावळट म्हटलं, त्याच्या आख्ख्या खानदानाचा उद्धार केला. भुकेने डोकं फिरलं होतं. संध्याकाळी गार पडल्यावर तो पुन्हा निघाला. गोळी भरली. गोळी नळीत सारणारा बोल्ट पुढे ढकलला.

धाड!

चापाला बोट लागलंच नव्हतं. गोळी त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत घुसली. चारू पांढराफटक पडला. मी बंदूक हिसकावली, रिकामी केली आणि स्टोव्हशेजारी बसून स्क्रू काढायला घेतले. गरम असताना चालते, गारठली की बिघडते; एवढा फॉल्ट तर मला झोपेतही सापडला असता.

चापाच्या आत पांढरं काहीतरी थिजलं होतं; त्यात चिकटलेल्या खटक्याने बोल्टला अडवलंच नव्हतं. बोटावर घेतलं तर वितळलं. वास घेतला. खोबरेल.

खंडेनवमीला मी लॅपटॉप, ड्रिल आणि ही बंदूक पाटावर मांडली होती. हळदकुंकू वाहिलं, आणि नव्या वस्तूला कोरडं कसं ठेवायचं म्हणून चापात खोबरेल सोडलं. मीच. दर हिवाळ्यात खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरणारी मी!

"काय सापडलं?" चारूने विचारलं.

"ग्रीस," मी म्हटलं.

स्टोव्ह विझवून, गार झाल्यावर, त्याच्या इंधनाने चाप धुतला, पुसला, जोडला. सोमवारी सकाळच्या थंडीत तो दहादा नीट खटकला. मग झाडीत ससा दिसला. बंदूक माझ्या हातातच होती; चारूने मला खूण केली आणि त्याला माझ्याकडे हुसकायला तो मागून वळसा घालून गेला.

ससा आला. समोर बसला. मी गोळी ठेवली, बोल्टवर हात ठेवला. एकदा ढकलायचा, बस. पण त्या झाडांमागे कुठेतरी चारू होता, आणि माझ्या दहा खटक्यांवर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. मी गोळी काढली. बोल्ट उपसून खिशात टाकला आणि मोठ्याने चारूला हाक मारली. ससा गेला.

चारू धावत आला. "अगं, का नाही मारलास?"

"चापात तेल मी घातलं होतं. खोबरेल. पूजेच्या दिवशी." मला रडू फुटलं. "काल तुझा पाय गेला असता रे. जीव गेला असता."

तो ओंडक्यावर बसला. बुटावरची माती झटकली.

"कालपासून मला ज्या शिव्या घातल्यास," तो म्हणाला, "त्या परत घे."

मी घ्यायला लागले. एकेक आठवून, मोठ्याने, नाक पुसत. चार वाजता वारा पडला आणि आम्ही कनू पाण्यात ढकलली, तेव्हा मी त्याच्या आजोबांपर्यंत पोचले होते.