सातव्या दगडाचं उत्तर

मातीचं धरण म्हटलं की लोकांना काहीतरी अवाढव्य वाटतं. हे तसलं काही नव्हतं. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला लांबोडका बांध, अंगावर गवत, माथ्यावर हातगाडी जाईल एवढी वाट. पण खालच्या वस्तीतल्या एकूण एक नळाचं पाणी त्याच्या मागे साठलेलं. बांध फुटला तर वस्ती वाहून जाणार आणि तलाव आटला तर तहानेने मरणार, असा सगळा मामला.

त्याची राखण दोघांकडे होती, तात्या आणि घुम्या. रोज उजाडलं की तात्या माथ्यावरून चालायचा आणि घुम्या पायथ्यावरून. माथ्यावर नंबर घातलेले बारा दगड रोवले होते. उतार मध्येच फुगलेला, त्यामुळे वरच्याला खालचा दिसत नसे. म्हणून तात्याने दगडापाशी थांबून, घसा खाकरून नंबर पुकारायचा, घुम्याने खाली गवतात तळवा दाबून बघायचा आणि उत्तर द्यायचं, 'कोरडं' नाहीतर 'ओलं'. तात्याने ते वहीत उतरवायचं. वीस वर्षं हेच. हे बारा शब्द बोलून झाले की घुम्याची दिवसाची बोलणी आटोपलीच म्हणायची. त्याची बायको म्हणायची, "यांना जेवताना विचारावं लागतं, भाजी कोरडी झालीय का ओली? तेव्हा कुठे तोंड उघडतात!" पण माणूस शब्दाचा पक्का. खोटं त्याच्या जिभेवर टिकतच नसे.

तात्याच्या लेकीने वस्तीत लॉन्ड्री काढली. नवऱ्याने टाकल्यापासून चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेली पोर. आता बाह्या सरसावून हॉस्पिटलच्या चादरी धुवत होती, वाफेत उभी राहून गाणं गुणगुणत होती. तात्या येता-जाता उगाच दारात थांबून तिला बघून घ्यायचा. आणि त्याच आठवड्यात सातव्या दगडाला खालून उत्तर आलं.

"ओलं."

तात्याची पेन्सिल थांबली. वहीत 'ओलं' पडलं की तलाव निम्म्यावर आणायचा, तपासणी होईपर्यंत वस्तीचं पाणी तोडायचं, असा नियम. म्हणजे महिना तरी गेलाच. महिनाभर पाणी नसलेली लॉन्ड्री म्हणजे काय, ते सांगायला नको.

"थोडं थांबू या रे," तो वरून ओरडला. "मी कोरडं लिहितो."

खालून पुन्हा आलं, "ओलं आहे, तात्या."

"अरे हो रे बाबा, ऐकलं! बहिरा नाहीये मी."

आणि त्याने लिहिलं, कोरडं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घुम्या एकटाच वाळू आणि खडीची पोती पाठीवर घेऊन तिथे गेला. धरणावर चार दिवस काम केलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं, की पाझर बुजवायचा नसतो. त्याच्यावर वाळू-खडीचा थर घालायचा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती जागेवर राहते. बुजवला तर पाणी आतल्या आत बांध कोरत सुटतं. घुम्याला निदान तेवढं तरी करायचं होतं. तिसऱ्या पोत्याला त्याचं हृदय बंद पडलं. तात्याला तो सापडला तेव्हा पालथा होता, एक तळवा गवतात दाबलेला.

रडला तात्या, खोटं कशाला बोला. पण रडता रडताच त्याच्या मनात आलं, लोक विचारतील की वाळू इथे कशाला? त्याने वाळू उपसली, खडी झुडपात भिरकावली आणि ओल्या जागेवर चिकणमातीचा जाड थर थापून वर गवताचे गड्डे बसवले. मग हाक मारून लोक गोळा केले. झुडपं तोडता तोडता गेला बिचारा, म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं.

तेराव्या दिवसापर्यंत दुसरा माणूस येईल, असं ऑफिसने सांगितलं होतं. ऑफिसचा तेरावा दिवस कधी उगवतो? तात्या एकटाच माथ्यावरून चालू लागला. गुडघे गेलेले, खाली उतरवत नव्हतं. पण वीस वर्षांची सवय, पहिल्या दगडापाशी आला आणि तोंडातून निघून गेलं, "एक!"

धुकं होतं. तलावावर एक बगळासुद्धा नव्हता.

"कोरडं," खालून आलं.

तात्याच्या हातातली वही पडली. तोच आवाज. जरा घोगरा, शब्द संपताना खाली बसणारा. वही उचलून तो पुढच्या दगडापाशी गेला आणि त्याने पुकारलं. "दोन..." "कोरडं." तीन, चार, पाच, सहा... सगळ्यांना उत्तर आलं.

"सात..."

काही नाही. वारा नाही, गवताची सळसळ नाही. फक्त ओल्या मातीचा वास वर आला, नुकतं कुणी उकरल्यासारखा. आठला पुन्हा उत्तर आलं.

माणूस कशालाही सरावतो हो! महिन्याभरात तात्या सरावला. एकदा चौथ्याला आवाज म्हणाला, "ओलं." तात्या बसत-घसरत खाली उतरला, तर खरंच उंदराच्या बिळातून पाणी झिरपत होतं. तसं लिहिलं, तलाव उतरवला, ऑफिसची माणसं आली, उंदराचंच बीळ म्हणून दोन दिवसांत काम उरकून गेली. साताकडे कुणी पाहिलं नाही आणि तात्याने दाखवलं नाही. त्याला एवढं मात्र कळलं की घुम्या मेला तरी कामात चोख होता. फक्त साताला गप्प. रोज गप्प. आणि रोज त्या गप्प बसण्यापुढे तात्या लिहायचा, कोरडं. पेन्सिल तेवढ्या एका ओळीत कागदात रुतायची.

मग तलाव काठोकाठ भरला. त्या सकाळी तात्याने सवयीने पुकारलं, "सात," आणि पुढे पाऊल टाकलं.

"कोरडं."

तात्याला आधी इतकं बरं वाटलं म्हणता! डोळेच भरून आले त्याचे. सोडलं बाबा याने, माफ केलं. आठव्या दगडापर्यंत तो जवळजवळ हसतच गेला. आणि तिथे थबकला. जन्मात खोटं न बोललेला माणूस. मेल्यावर खोटं बोलायला शिकला असेल, तर कुणाकडून शिकला?

तो उताराला बसला आणि घसरत घसरत खाली आला. चिकणमातीचा थर फुटला होता. दंडाएवढी धार बाहेर पडत होती, आणि पाणी गढूळ होतं, चहासारखं. म्हणजे बांध आतून वाहून चालला होता.

पुढचं सगळं त्याने कसं केलं ते त्यालाच माहीत नाही. तलावाचं पाणी सोडायचा मोठा वॉल्व्ह उघडला, ऑफिसच्या मॅडमना फोन केला, आणि त्या गुडघ्यांवर वस्तीपर्यंत धावला. लेक चादरी पिळत होती.

"निघ! बांध चाललाय!"

"असा कसा चालला? तुम्हीच तर रोज..."

"खोटं लिहिलं मी. तुझ्यासाठी लिहिलं, पोरी... घुम्याने सांगितलं होतं, आणि मी खोटं लिहिलं."

लेकीने हातातली चादर खाली ठेवली. बापाकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, वाहून गेलो असतो तर बरं. मग ती दारोदार हाका मारत सुटली. तासाभरात वस्ती टेकडीवर होती. तलाव उतरला, वाळू-खडी पडली, आणि बांध तगला. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मॅडमनी वही पाहिली, सगळं ऐकून घेतलं. बांधाचं पोट उकरून नवी माती भरून होईपर्यंत सहा महिने गेले. लोक घरी परतले. लॉन्ड्रीच्या धुरांड्यातून पुन्हा वाफ निघू लागली. मॅडम म्हणाल्या, "खरं तर तुम्हाला घरी बसवायला हवं. पण हा बांध तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही. यापुढे तुम्ही खालून चालायचं. नवा माणूस येईपर्यंत वर मी आहे."

"आणि खरं सांगायचं, बाबा," लेक म्हणाली. सहा महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. "तुमच्या भरवशावर आम्ही खाली झोपणार आहोत."

"मेलो तरी खरंच सांगेन," तात्या म्हणाला.

तलाव पुन्हा भरला त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. तात्या काठी टेकत पायथ्याशी उभा राहिला. वरून मॅडमचा आवाज आला, "एक!" त्याने गवतात तळवा दाबला. "कोरडं!" दोन. तीन. सगळं नवं, सगळं कोरडं. सहापर्यंत त्याचं मन हलकं झालं होतं.

"सात!"

त्याने वाकून तळवा दाबला. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. गार, गढूळ. तळव्यात माती राहिली.

तात्याने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि त्याच्या शेजारून, अगदी कानापाशी, कुणीतरी ठणठणीत उत्तर दिलं.

"कोरडं!"

घुम्याचा आवाज नव्हता तो. तात्याचा स्वतःचा होता. शब्दाआधी घसा खाकरायची त्याची सवयसुद्धा त्यात होती.

"सात, कोरडं," वर मॅडम लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या.

"ओलं! मॅडम, ओलं आहे! थांबा!" तात्या ओरडला. निदान त्याला वाटलं की तो ओरडला. तोंडातून नुसती वाफ निघाली. त्याने गळ्याच्या शिरा ताणून पुन्हा हाक मारली, पण त्याच्याच कानांना ती ऐकू आली नाही. खाली वस्तीत कुणाचं तरी दार उघडलं, बादली वाजली. लेक लवकर उठत असे.

माथ्यावर पावलं पुढे सरकली आणि थांबली.

"आज आवाज छान मोकळा लागलाय हां, तात्या," मॅडम वरून म्हणाल्या. "आठ!"